रमीचा खटला, ब्रिजची बोली आणि निजामाचा कायदा

पोळा जवळ आला की जालना जिल्ह्यातल्या स्थानिक पेपरांत एक बातमी हमखास दिसते. अमुक शिवारात लिंबाच्या झाडाखाली तिर्रट नावाचा जुगार खेळताना इतके जण पकडले; रोख रक्कम, मोबाइल आणि मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. कधी तिर्रटच्या जागी झन्नामन्ना असतो. मुद्देमालाच्या यादीत शेवटी ‘५२ पत्ते’ असतात. बातमी वाचणाऱ्याच्या मनात पत्ते आणि जुगार हे शब्द एकमेकांना कायमचे चिकटतात.

आपल्या मुसलमान घरांत तर हा विषय त्याहून लवकर संपतो. पत्ते म्हणजे हराम, बास. जुगार हराम आहे याबद्दल माझा कोणाशी वाद नाही. पण बावन्न पानांच्या गड्डीतून शंभर प्रकारचे खेळ निघतात. त्यातला एक, ब्रिज, असा आहे की पानं वाटून झाली की नशिबाचं काम जवळजवळ संपतं आणि पुढे फक्त निर्णय उरतात. या दोन गोष्टींत फरक कसा करायचा, यावर आपल्या देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल ज्या कायद्याखाली लागला तो निजामाचा कायदा होता, आणि तो लिहिणारे न्यायाधीश नागपुरात घडलेले मुसलमान गृहस्थ होते. ही हकिकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

हैदराबाद संस्थानात १३०५ फसलीचा जुगार कायदा होता. ज्यांनी घरातले जुने जमिनीचे कागद चाळलेत त्यांना फसली सालं ठाऊक असतील. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हा कायदा १८९५-९६ चा. जालना तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. त्यामुळे हा कायदा आपल्या आजा-पणजांच्याही डोक्यावर होता. त्यात एक कलम असं होतं की जो खेळ निव्वळ कौशल्याचा आहे त्याला हा कायदा लागू नाही. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या १८८७ च्या कायद्यातही अशीच सवलत आहे. कौशल्य म्हणजे काय, हे मात्र दोन्हीकडे सांगितलेलं नाही.

४ मे १९६३ रोजी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला. आत मंडळी पैसे लावून रमी खेळत होती. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि आंध्र प्रदेश सरकार अपील घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटल्याचं नाव आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी निकाल लागला, सरकार हरलं. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी.

हिदायतुल्ला साहेबांचं कॉलेज नागपूरचं मॉरिस कॉलेज. पुढे केंब्रिजला जाऊन आले आणि १९३० पासून नागपुरातच वकिली केली. तिथेच न्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. रमीच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर बसणारे पहिले मुसलमान. मुलांना सामान्य ज्ञानात एवढं शिकवतो, पण त्यांनी लिहिलं काय ते शिकवत नाही.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. तीन पानांचा खेळ, म्हणजे आपल्याकडचा तिर्रट किंवा फ्लश, हा नशिबाचा खेळ आहे. रमी तशी नाही. कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं. वाटताना नशीब असतं हे खरं, पण ते नशीब ब्रिजच्या वाटपातल्या नशिबाच्याच जातीचं आहे. पिसून वाटलेल्या प्रत्येक खेळात एवढं नशीब असणारच.

रमीला निर्दोष ठरवण्यासाठी न्यायालयाने ब्रिजचं माप लावलं, हे मला फार लक्षणीय वाटतं. ब्रिज कौशल्याचा आहे हे सिद्ध करायची गरजच कोणाला वाटली नाही. माझ्या मते यामागे थोडा वर्गाचाही भाग आहे. ब्रिज हा जिमखान्यातला, कलेक्टर-बॅरिस्टरांचा खेळ, त्यावर धाड घालायला कोणता फौजदार धजावेल? पारावर बसलेल्या माणसाला मात्र आपल्या पानांचा हिशेब पोलिसाला द्यावा लागतो. पण वर्गाची गोष्ट बाजूला ठेवली तरी माप योग्यच होतं. ते का, यासाठी हा खेळ कुठून आला आणि त्यात नेमकं काय करतात हे पाहिलं पाहिजे.

बावन्न पानांची गड्डी इंग्रजांनी आपल्याकडे आणली, पण ती त्यांची नव्हे. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात पोहोचले ते मामलुक सुलतानांच्या इजिप्तकडून. तशा एका गड्डीची हाताने रंगवलेली पानं इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. चार रंग: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. प्रत्येक रंगात तेरा पानं, वरची तीन दरबाराची: मलिक, नायब मलिक आणि दुसरा नायब. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाईपेस’ म्हणतात, तो शब्द या नायबावरूनच आला असं मानतात. आपल्या तहसील कचेरीतला नायब तहसीलदार आणि स्पेनमधला पत्ता हे असे दूरचे भाऊबंद निघतात. राणी पुढे युरोपात आली. युरोपातल्या पत्त्यांच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १३७७ सालची, फ्लोरेन्स शहराची आहे, आणि ती नोंद बंदीचीच आहे.

इकडे हिंदुस्थानात मोगलांबरोबर गंजिफा आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याची पानं पाठवली, कारण त्याला या खेळाचा शौक होता आणि त्याने ती मागितली होती. बाबरनाम्यात ही नोंद आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांचा, १४४ पानांचा गंजिफा वर्णन केला आहे. नंतर रूढ झालेला मोगल गंजिफा आठ रंगांचा, ९६ गोल पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे चार जोरदार रंग. चंग, सुर्ख, बरात, किमाश हे चार कमजोर, आणि कमजोर रंगांत आकड्यांचा क्रम उलटा. मराठी मुलखात याचाच दशावतारी गंजिफा झाला, दहा अवतारांचे दहा रंग, १२० पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, तो करणारे हात जिवंत ठेवले. निजामाच्या राज्यात निर्मळचे चितारी गंजिफा रंगवत. इराणी नाव, मोगल दरबार, विष्णूचे अवतार, आणि खेळायला कोणालाही मज्जाव नाही.

गंजिफा हा स्मरणशक्तीचा खेळ होता. शंभरेक पानांतली कोणती पडून गेली ते ध्यानात ठेवणारा जिंकायचा. पण त्यात बोली नव्हती. बोली म्हणजे खेळायच्या आधी केलेला करार: मी इतके हात करीन आणि अमुक रंग हुकूम असेल. (हुकूम या शब्दाची एक गंमत वर्गात नेहमी सांगतो. मराठीत ज्या रंगाची सत्ता चालते तो हुकूम, मग तो बदाम असो की किलवर. उर्दूत मात्र हुकूम म्हणजे इस्पिक, आणि सत्तेच्या रंगाला म्हणतात तुरूप. ‘हुकुमाचा एक्का’ ऐकून उर्दू माध्यमाचं पोरगं इस्पिकचा एक्का समजतं आणि मराठी पोरगं हमखास जिंकणारं पान.) आपल्या मेंढीकोटात हुकूम बोलीने ठरत नाही, ज्याच्याकडे उतारीच्या रंगाचं पान नसेल त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम होतो. कोकणातल्या तीनशेचारमध्ये मात्र बोली आहे: जो जास्त गुणांची बोली लावेल तो हुकूम ठरवेल.

इंग्रजांच्या व्हिस्ट या खेळात हुकूम शेवटचं वाटलेलं पान उलटून ठरे. व्हिस्टमधून ब्रिज निघाला. लंडनला त्याचे नियम १८८६ मध्ये छापले गेले आणि तो तिथे तुर्कांच्या राजधानीकडून, कॉन्स्टँटिनोपलहून, आला असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यात वाटणारा किंवा त्याचा भिडू हुकूम ठरवी. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हुकूम ठरवण्याचा हक्क लिलावात काढावा. हे कोणाला सुचलं यावर वाद आहे, पण अलाहाबादला छापलेल्या १८९९ सालच्या एका पुस्तकात त्याचं श्रेय हिंदुस्थानात एका आडबाजूच्या ठिकाणी नेमलेल्या तीन सनदी अधिकाऱ्यांना दिलं आहे. तिघेच होते, चौथा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी चौथ्याच्या पानांसाठी लिलाव सुरू केला. ज्याने कधी आडगावच्या शाळेत नोकरी केली आहे त्याला ही गोष्ट खरी वाटेल. शेवटचा बदल अमेरिकन हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये, पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर केला: जेवढे हात बोललात तेवढ्यांचंच मोठं बक्षीस. बोलला नाहीत आणि जास्त हात झाले तर ते किरकोळ गुणांत जमा. म्हणजे आपल्या दोघांची ताकद किती हे खेळायच्या आधी अचूक ओळखणं, हाच खेळ झाला. हे ते काँट्रॅक्ट ब्रिज.

आता एक डाव बघू. चौघे बसलेत: उत्तर आणि दक्षिण भिडू, पूर्व आणि पश्चिम भिडू. पश्चिमेने सुरुवातीलाच ‘तीन बदाम’ अशी बोली दिली. सुरुवातीलाच एवढी उंच उडी म्हणजे रूढ अर्थ असा की माझ्याकडे बदामाची सात पानं आहेत, बाकी दम नाही. समोरच्यांना बोलायला जागा मिळू नये म्हणून दार अडवतोय. उत्तरेने ‘डबल’ म्हटलं, म्हणजे भिडूला सांगितलं की माझ्याकडे बदाम कमी आहेत, बाकी रंगांना आधार आहे, तू तुझा रंग सांग. पूर्व गप्प. दक्षिणेने ‘चार इस्पिक’ म्हटलं. सगळे पास. करार झाला: इस्पिक हुकूम, आणि तेरापैकी दहा हात करायचे.

पश्चिमेने बदामाची उतारी केली आणि उत्तरेची पानं टेबलावर उघडी झाली. आता ती डमी. दोन्हीकडची पानं दक्षिणच खेळणार. दक्षिणकडे इस्पिकचा एक्का, गुलाम, दश्शी, अठ्ठी, चौकी. डमीत राजा, नव्वी, सत्ती, दुर्री. नऊ इस्पिक घरात, चार बाहेर: राणी, छक्की, पंजी, तिर्री. समजा बाकी रंगांत जेवढे हात जायचे तेवढे गेले आहेत आणि करार आता राणीवर अडला आहे. ती पकडली तर दहा हात, नाही तर नऊ.

दक्षिणने आधी डमीतून राजा टाकला. पूर्वेने तिर्री टाकली, पश्चिमेने छक्की. मग डमीतून नव्वी खेळली, पूर्वेने पंजी टाकली. आता दक्षिणची पाळी, आणि बाहेर फक्त राणी. ती पश्चिमेकडे असेल तर आता एकटीच असणार, एक्का टाकला की खाली पडेल. ती पूर्वेकडे असेल तर एक्का टाकणं चूक. चौकी टाकून नव्वी सोडून द्यावी, पश्चिमेकडे तिला मारणारं काही नाही, आणि पुढच्या फेरीत एक्क्याखाली राणी सापडेल.

ब्रिजमध्ये नवखा असणाऱ्याला पाठ करायला सांगतात की नऊ हुकूम असले तर एक्का टाक. त्याचं गणित सोपं आहे. पश्चिमेने इस्पिकचं एक पान टाकलं, त्याच्या उरलेल्या बारा पानांची माहिती नाही. पूर्वेने दोन टाकली, त्याच्या अकरांची माहिती नाही. राणी या तेवीस जागांपैकी कुठेतरी आहे. बारा जागा पश्चिमेकडे, म्हणून पश्चिमेकडे असायची शक्यता किंचित जास्त, ५२ विरुद्ध ४८.

पण पश्चिम बोलला होता. त्याच्याकडे सात बदाम आहेत. डमीत बदाम एक, दक्षिणच्या हातात तीन. म्हणजे पूर्वेकडे दोन. आता पुन्हा मोजा. पश्चिमेची तेरा पानं, त्यातले सात बदाम गेले, एक इस्पिक गेलं, उरल्या पाच जागा. पूर्वेची तेरा, दोन बदाम आणि दोन इस्पिक गेले, उरल्या नऊ. राणी चौदापैकी एका जागेत आहे आणि नऊ जागा पूर्वेकडे आहेत. पाठ केलेला नियम उलटला. चौकी टाकायची.

खात्री आहे का? नाही. चौदापैकी पाच वेळा राणी पश्चिमेकडेच निघेल. पश्चिमेने सहा बदामांवरही तशी बोली दिली असेल, काही लोक देतात. तरी चौकी टाकून करार बुडाला तर भिडू काही म्हणणार नाही, आणि बोली विसरून एक्का टाकला नि राणी पडली तरी जाणता खेळाडू मान हलवेल. निर्णय बरोबर होता की नाही हे निकालावरून ठरत नाही, त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून ठरतं. परीक्षेच्या मार्कांवर पोरांची लायकी ठरवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे पचायला जड आहे.

शिवाय ही माहिती उघड असते. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, नाक खाजवणं हा अर्धा खेळ असतो. ब्रिजमध्ये ती बेईमानी समजतात. भिडूंनी एखाद्या बोलीचा खास अर्थ ठरवला असेल तर विचारल्यावर तो समोरच्यांना सांगावा लागतो.

उरतं वाटपातलं नशीब. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या जुळण्या ६३,५०१ कोटींच्या वर आहेत. कोणाला काय येईल कोण सांगणार? त्यावर व्हिस्टवाल्यांनी तोड काढली आणि ब्रिजवाल्यांनी ती उचलली. १८५७ मध्ये, इकडे बंडाचा वणवा पेटलेला असताना, लंडनला हेन्री जोन्सने एक प्रयोग केला: वाटलेली तीच पानं दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या लोकांना खेळायला दिली. आज ब्रिजच्या सगळ्या मोठ्या स्पर्धा अशाच होतात. तुम्हाला रद्दी पानं आली, तर तुमच्या जागी बसलेल्या इतर टेबलांवरच्या सगळ्यांना तीच रद्दी आली. तुलना तुमची त्यांच्याशी. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी घेतलं. एकाचं वय साठ, दुसऱ्याचं छप्पन्न.

तिर्रटमध्ये निर्णय नसतात असं मी म्हणणार नाही. हिदायतुल्ला साहेबांनी त्याला निव्वळ नशीब म्हटलं ते मला थोडं कडक वाटतं. ब्लाइंड खेळायचं की पानं बघायची, चाल द्यायची की पॅक व्हायचं, हे ठरवावंच लागतं. पण तिथे वाचायचा असतो समोरच्याचा चेहरा आणि त्याचा खिसा. पैसे काढून घेतले तर तिर्रट एका डावात कंटाळवाणा होतो. ब्रिज पैशाशिवाय आयुष्यभर खेळतात.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. न्यायालय विचारत होतं: कौशल्य जास्त की नशीब? आपल्या फिकहचा पहिला प्रश्न वेगळा आहे: डावावर काही लावलं आहे का? एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा असेल तर तो किमार, मग खेळ कितीही बुद्धीचा असो. पैज लावून खेळलेली शतरंजही त्यात आली. पैज नसेल तर पुढे मतभेद आहेत. शतरंजबद्दल हनफी उलेमा कडक, शाफिई मत सौम्य, मकरूह म्हणून थांबणारं. कोकणातले आपले भाऊ शाफिई आणि मराठवाड्यात आपण बहुतेक हनफी, म्हणून एकाच पाटावर दोन्ही घरांत वेगळं ऐकू येतं. पत्त्यांवर निवाडा देणं माझं काम नाही, ते आलिमांना विचारावं.

पण या दोन प्रश्नांच्या फटीतून काय काय शिरलं ते गेल्या दहा वर्षांत आपण पाहिलं. मोबाइलवर रमीची ॲप आली. त्यांचे वकील प्रत्येक न्यायालयात १९६७ चा तोच निकाल घेऊन उभे राहिले: रमी कौशल्याचा खेळ आहे, खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. म्हटलं होतं, खरं आहे. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा होऊ शकतो. क्रेसेंट क्लब सभासदांकडून बसण्याची किरकोळ फी घेत होता. ॲपची तर सगळी कमाईच लावलेल्या पैशातल्या वाट्यावर. जाहिरातीत निकालाचा पहिला अर्धा भाग होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘सवय लागू शकते’ अशी सूचना. या ॲपांवर बापाच्या कापसाचे पैसे घालवलेली पोरं आपल्या भागात, दोन्ही समाजांत आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला आहे. खेळ कोणताही असो, पैसे लावून पैसे मिळवायचे असतील तर तो ऑनलाइन चालवता येणार नाही. १३०५ फसलीपासून कायदा कौशल्याचा प्रश्न विचारत आला होता. या वेळी त्याने पैजेचा विचारला. कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत.

ज्यांना मेंढीकोट येतो त्यांना ब्रिज जड जात नाही. भिडू तोच, उतारी तीच, रंगाला रंग द्यायचा नियमही तोच. फक्त पानं उचलल्यावर हुकूम कोणाचा आणि हात किती, हे आधी बोलायचं. आणि डाव संपल्यावर चौघांनी पानं उघडून, कोण कशावरून काय समजला होता, ते एकमेकांना सांगायचं.